काय दिवे लावलेस

बाहेर उणे सत्तावीस. गॅरेजचं दार लावलेलं,
हीटर नुसताच घुरघुरतोय.
पिकअपच्या दारावर पुसट झालेली अक्षरं:
कॉर्नेलियस वीब, वेल्डिंग आणि दुरुस्ती.
तो कॉर्नेलियस वीब आता शहाऐंशीचा,
माझा बाप,
ड्रायव्हरशेजारी घोंगडी पांघरून बसलेला,
मांडीवर अंड्यांचा रिकामा पुठ्ठा.
मी काढून दिलेला एकेक बल्ब
आधी कानाशी हलवतो,
मग अंडं ठेवावं तसा खळग्यात ठेवतो.
तार तुटली असेल तर किणकिणते.
न किणकिणणारेही मी काढतेय,
हे त्याला पटत नाही.

"चालता दिवा कशाला काढायचा?"
बॅटरी वाचते, मी म्हणते,
सकाळी पहिल्या फटक्यात गाडी चालू होईल.
"हं."
या "हं"वर मी वाढले.

नंबरप्लेटचा. रिव्हर्सचा. ब्रेकचे तिन्ही.
डॅशबोर्डच्या कप्प्यातला, एवढासा,
ज्याच्या उजेडात आई नकाशा उघडायची
आणि तरी आम्ही सस्कॅचेवानभर चुकायचो.
तिथला नवा पेटेना.
उलटा करून बसवला, पेटला.
जुन्यांना असलं उलट-सुलट नव्हतं,
वीज कुठूनही येवो, जळायचे बिचारे.

छतातला लावला आणि
दोघंही गप्प झालो.
इतक्या पांढऱ्या उजेडात
ही गाडी कुणी पाहिलीच नव्हती:
सीटवर ठिणग्यांनी पाडलेली भोकं,
कधीच मेलेल्या कुत्र्याचे केस,
त्याच्या मनगटाची कातडी, ट्रेसिंग पेपरसारखी,
आरशात माझे एकोणसाठ वर्षांचे डोळे.
"झालं," तो म्हणाला, "काय दिवे लावलेस, युस्टिना."

मी कॉलेज सोडून परतले तेव्हा हेच म्हणाला होता,
नवरा सोडून परतले तेव्हाही.
तेव्हा हसला नव्हता.

मग डावा इंडिकेटर.
टिकटिकटिकटिकटिक,
मुठीत धरलेल्या चिमणीच्या छातीसारखा.
वायर तपासली, सॉकेट तपासलं,
सगळं जागच्या जागी.
शेवटी त्यानंच सांगितलं, डोळे मिटलेले ठेवून:
"नवा दिवा फार कमी खातो.
गाडीला वाटतं तिथं कुणी नाहीच.
मेला समजून बोंब मारते."

सकाळचा अर्धा बटाटा
बशीत तसाच होता.
मी झाकून आले होते.

उपाय आहे. रेझिस्टर:
सोनेरी, बोटभर, अंगावर माशासारखे कल्ले.
उजेड देत नाही.
नुसती वीज खातो आणि तापतो,
म्हणजे गाडीची खात्री पटते
की सगळं पूर्वीसारखं आहे.
प्लॅस्टिकपासून लांब, उघड्या पत्र्यावर आवळला.
टिक.
टिक.
डॉक्टरांच्या नर्सला मी दर सोमवारी सांगते,
हो, व्यवस्थित जेवतात.

रविवारी रोस्थर्नहून येताना बर्फ लागलं.
आधी रस्त्याची कड गेली, मग रस्ता,
मग बॉनेटपुढचं सगळं.
गाडी थांबवून उतरले:
दोन्ही हेडलाइटवर बर्फाचा जाड थर,
आत दिवे शाबूत, गारठलेले.
जुने तापायचे, काच आपोआप मोकळी व्हायची.
खोक्यावर त्या तापण्याला
"वाया जाणारी वीज" म्हटलंय.

मी कोपरानं खरवडत होते
तर पलीकडचं दार वाजलं.
आत बस, मी ओरडले.
त्या वाऱ्यात कुणाला काय ऐकू जाणार.
हातमोजा दातांनी ओढून काढला त्यानं
आणि तळवा काचेवर ठेवला. ठेवूनच दिला.
वेल्डिंगनं निबर झालेली बोटं,
कडांना लाल झालेली,
आणि फटींतून येणारा उजेड.
पाणी मनगटावरून बाहीत शिरत होतं.

पुरे, मी म्हटलं, चल.

"थांब," तो म्हणाला, बंपरला धरून
गाडीच्या दुसऱ्या कोपऱ्याकडे सरकत,
"अजून एक आहे."